६६ वर आलेली पट्टी: एरिथ्रोपोएटिन रिसेप्टरच्या एका अँटिबॉडीचं प्रकरण

किडनी निकामी झालेल्या माणसाच्या घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दह्याच्या भांड्याशेजारी, बहुतेक वेळा एक छोटी सिरिंज ठेवलेली दिसते. मेडिकलमधून बर्फाच्या पिशवीत आणलेली, डायलिसिसच्या दिवशी सोबत न्यायची. घरचे तिला ‘ईपीओ’ म्हणतात, काही जण नुसतं ‘रक्त वाढायचं इंजेक्शन’. तिच्यात एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन असतं. निरोगी किडनी ते स्वतःच बनवते. किडनी थकली की ते कमी पडतं, हिमोग्लोबिन घसरतं, एक जिना चढला तरी धाप लागते, आणि मग ते बाहेरून द्यावं लागतं.

हे हार्मोन पेशीवर जिथे जाऊन बसतं, त्या प्रथिनाचं हे प्रकरण आहे. खरं तर ते प्रथिन शोधायला जगभर वापरल्या गेलेल्या एका अँटिबॉडीचं, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणाऱ्या रेणूचं. या अँटिबॉडीने कित्येक वर्षं भलतंच प्रथिन दाखवलं, आणि तिने दाखवलेल्या चित्रांवर कॅन्सरच्या रुग्णांबद्दलचा एक मोठा वाद उभा राहिला. मी अनेक वर्षं वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीने ओळखायचा प्रयोग, करत आले आहे, त्यामुळे हे प्रकरण मला परक्याचं वाटत नाही. चूक पहिल्या दिवसापासून जेलवर दिसत होती, असं माझं ठाम मत आहे.

जगायचा निरोप

आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या लाल पेशी तयार होतात. त्यांच्या पूर्वज पेशी त्याहून जास्त संख्येने जन्माला येतात आणि त्यातल्या पुष्कळ वाटेतच मरतात. कोणी जगायचं हे ठरवतं एरिथ्रोपोएटिन. १९९० मध्ये कौरी आणि बॉन्ड्युरंट या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हे हार्मोन काढून घेतलं की पूर्वज पेशींमधला डीएनए तुकडे तुकडे होऊ लागतो आणि पेशी स्वतःहून मरतात. हार्मोन दिलं की तीच पेशी तगते. म्हणजे ‘वाढ’ या निरोपाच्या आधी ‘मरू नकोस’ हा निरोप जातो.

तो निरोप आत पोचवतो एरिथ्रोपोएटिन रिसेप्टर. त्याचं जनुक १९८९ मध्ये हाती आलं. पेशीच्या पृष्ठभागावर हे रिसेप्टर जोडीने असतात. हार्मोन येऊन बसलं की आतल्या बाजूला चिकटलेलं जॅक-२ हे एन्झाइम जागं होतं, ते स्टॅट-५ वर फॉस्फेट चढवतं, पलीकडे एकेटी आणि ईआरके या वाटाही उघडतात. शेवटी बीसीएल-एक्सएलसारखी पेशीला मरू न देणारी प्रथिनं वाढतात. ज्या उंदरांमधून हा रिसेप्टर जनुकासकट काढून टाकला, ते आईच्या पोटातच, गर्भाच्या तेराव्या दिवसाच्या सुमारास रक्ताअभावी मरतात. हे १९९५ सालचं काम. हे साल लक्षात ठेवावं, कारण रिसेप्टर अजिबात नसलेलं ऊतक जगात कुठे तरी मिळू शकतं, ही सोय तेव्हापासून होती.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे हार्मोन शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा मिळालं १९७७ मध्ये, शिकागोच्या युजीन गोल्डवॉसर यांच्या प्रयोगशाळेत. त्यासाठी लागली होती २,५५० लिटर लघवी. जपानमधल्या अप्लास्टिक अॅनिमियाच्या रुग्णांची, गोळा करून सुकवलेली. त्यांच्या शरीरात लाल पेशी बनत नसल्यामुळे हार्मोन भरमसाट असे आणि लघवीतून बाहेर पडे. एवढ्या लघवीतून हाती आलं ते काही मिलिग्रॅम. आज फ्रिजमध्ये सहज पडून असलेल्या सिरिंजची सुरुवात तिथली आहे.

औषधावर संशय

हार्मोनचं स्वतःचं जनुक हाती आल्यावर ते हॅम्स्टरच्या पेशींमध्ये बनवता येऊ लागलं. अमेरिकेत १९८९ मध्ये किडनीच्या रुग्णांसाठी आणि १९९३ मध्ये केमोथेरपीमुळे रक्त कमी झालेल्या कॅन्सर रुग्णांसाठी त्याला परवानगी मिळाली. रक्त चढवायची वेळ कमी येते, थकवा कमी होतो, तेव्हा डॉक्टर आनंदाने वापरू लागले. पुढे एक विचार मूळ धरू लागला. गाठीत ऑक्सिजन कमी असला की रेडिएशनचा परिणाम कमी होतो. मग हिमोग्लोबिन चांगलं वर नेलं तर उपचार जास्त लागू पडेल, नाही का?

जर्मनीत फ्रायबुर्गच्या हेन्के यांनी ते करून पाहिलं. डोकं आणि मानेचा कॅन्सर असलेले ३५१ रुग्ण, अर्ध्यांना एरिथ्रोपोएटिन, अर्ध्यांना खोटं औषध, सगळ्यांना रेडिएशन. निकाल २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. हिमोग्लोबिन ठरवलेल्या उंचीवर पोचलं ते औषध घेतलेल्या ८२ टक्के रुग्णांचं, खोट्या औषधाच्या गटात फक्त १५ टक्के. इथवर सगळं मनासारखं. पण कॅन्सर त्याच जागी परत वाढण्याचा किंवा रुग्ण दगावण्याचा धोका औषध घेतलेल्यांमध्ये जास्त निघाला, १.६२ पट. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ९३९ स्त्रियांवर चाललेली दुसरी चाचणी मधेच थांबवावी लागली. तिथे वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात ७० टक्के होतं, दुसऱ्या गटात ७६.

हे का झालं, याला एक उत्तर जणू तयारच होतं. कॅन्सरच्या पेशींवरही हा रिसेप्टर असेल, तर आपण गाठीलाच ‘मरू नकोस’ असा निरोप टोचत होतो. २००१ पासूनच स्तनाच्या गाठींमध्ये हा रिसेप्टर दिसतो असे शोधनिबंध येत होते. मग फुफ्फुस, आतडं, गर्भाशय, डोकं-मान, जिथे पाहावं तिथे रिसेप्टर. चित्रंही सुरेख होती. गाठीचा पातळ काप, अँटिबॉडी चिकटेल तिथे काचेवर तपकिरी रंगलेला, त्यातही रक्तवाहिनीपासून लांबच्या, ऑक्सिजन कमी असलेल्या भागात रंग अधिक गडद. हेन्के यांच्या गटानेही आपल्याच चाचणीतल्या १५४ रुग्णांच्या गाठी तपासल्या. १०४ गाठींमध्ये रंग आला. त्या रुग्णांमध्ये औषधाने धोका २.०७ पट झाला, रंग न आलेल्यांमध्ये ०.९४, म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. दोन गटांतली तफावत संख्याशास्त्राच्या कसोटीला जेमतेम काठावर होती, तरी गोष्ट जुळत होती. हे २००६ च्या ऑक्टोबरमध्ये छापून आलं.

यातल्या बहुतेक चित्रांमागे एक छोटी कुपी होती. तिचं नाव सी-२०.

सी-२०

अँटिबॉडी कशी बनते ते आधी थोडक्यात. प्रथिनाचा एक छोटा तुकडा निवडतात. सी-२० साठी तो रिसेप्टरच्या शेपटाकडचा, पेशीच्या आत असणारा भाग होता. हा तुकडा सशाला टोचतात. सशाचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडीज बनवतं, त्या रक्तातून वेगळ्या काढून कुपीत भरतात. वर लेबल लागतं: एरिथ्रोपोएटिन रिसेप्टरची अँटिबॉडी. सशाच्या रक्तातून आलेला तो अनेक अँटिबॉडींचा मेळा असतो. त्यातल्या काही नेमक्या, काही अर्धवट जुळणाऱ्या. लेबल मात्र सगळ्यांना मिळून एकच.

आता ती वापरतात कशी ते पाहा. पेशी फोडून त्यातली सगळी प्रथिनं जेलमधून पळवतात. लहान प्रथिनं पुढे धावतात, मोठी मागे राहतात. मग ती एका पातळ पांढऱ्या पडद्यावर उतरवतात. पडद्याच्या मोकळ्या जागा दुधाने झाकतात, अगदी साधी सायविरहित दुधाची पावडर, पाच टक्के. म्हणून ब्लॉटच्या खोलीला कायम किंचित आंबूस वास असतो. मग अँटिबॉडीचं पाणी, धुणं, दुसरी अँटिबॉडी, परत धुणं, आणि अंधारात फिल्म. फिल्मवर काळी आडवी पट्टी उमटली की प्रथिन आहे. शेजारच्या रांगेत लॅडर असतं, ठरलेल्या वजनांच्या रंगीत प्रथिनांची शिडी. पट्टी शिडीच्या कोणत्या पायरीसमोर आहे त्यावरून प्रथिनाचं वजन कळतं.

आमच्या लॅबमध्ये एकदा मी बीसीएल-एक्सएलचा ब्लॉट घेऊन मॅडमकडे गेले होते. पट्टी ठसठशीत होती, कडेचा पसारा मी कात्रीने कापून टाकला होता. मॅडमनी ती पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, “शिडी कुठाय गं?” मी म्हटलं, “मॅडम, ती फिल्म वेगळी आहे.” त्या म्हणाल्या, “मग ही कशाची पट्टी आहे ते तू मला कशावरून सांगतेस?” मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी अख्खी फिल्म घेऊन गेले, तेव्हा कळलं की माझी पट्टी बीसीएल-एक्सएलच्या जागेपासून बरीच वर होती. तो महिना वाया गेला. ते वाया जाणं आजही आठवतं, म्हणून सी-२० वापरणाऱ्यांवर मी चिडत नाही. मला त्यांची जागा कळते.

एरिथ्रोपोएटिन रिसेप्टरचं वजन त्याच्या अमिनो आम्लांवरून ५६ ते ५७ किलोडाल्टन (प्रथिनांच्या वजनाचं एकक) येतं. त्याला साखर लागते, म्हणून जेलवर तो ५९ च्या आसपास असायला हवा. शोधनिबंधांमधल्या पट्ट्या मात्र ६६ ते ७८ च्या दरम्यान होत्या. सी-२० ची ठळक पट्टी ६६ वर. म्हणजे सात किलोडाल्टन वर. हा फरक किरकोळ नव्हे. साठाच्या थोडी खाली की पासष्टाच्या वर, हे चांगल्या जेलवर उघड्या डोळ्यांना दिसतं. पण स्पष्टीकरणं हाताशी असतात: साखर जास्त लागली असेल, फॉस्फेट असेल, कॅन्सरमध्ये रिसेप्टरचा वेगळा प्रकार असेल. एकदा छापून आलं की पुढचा माणूस ‘६६ किलोडाल्टनचा एरिथ्रोपोएटिन रिसेप्टर’ असं संदर्भ देऊन लिहितो, आणि चुकीचं वजनच ओळखीचं वजन होऊन बसतं. काचेवरच्या रंगात तर शिडीच नसते. तिथे जे रंगलं ते रिसेप्टर, एवढंच.

ब्लॉकिंग पेप्टाइडची फसगत

या प्रकरणातली मला सगळ्यात शिकवणारी गोष्ट ही आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

अँटिबॉडी नेमकी आहे का हे तपासायला एक प्रयोग पूर्वी सर्रास करत. ज्या तुकड्यावरून अँटिबॉडी बनवली, तोच तुकडा, म्हणजे ब्लॉकिंग पेप्टाइड, भरपूर प्रमाणात तिच्यात मिसळायचा. अँटिबॉडीचे हात त्या तुकड्यांनी भरून जातात, आणि मग पडद्यावरची पट्टी नाहीशी होते. पट्टी गेली म्हणजे अँटिबॉडी खरी, असं सगळे धरून चालत.

जरा विचार करा. समजा अँटिबॉडी चुकून दुसऱ्याच प्रथिनाला धरते आहे, कारण त्या प्रथिनाचा एक भाग आपल्या तुकड्यासारखा दिसतो. धरणारे हात तेच आहेत. ते हात तुकड्याने भरले, की चुकीच्या प्रथिनावरची पट्टीही नाहीशी होणारच! या प्रयोगाने एवढंच कळतं की पट्टी अँटिबॉडीच्या हातांनी धरली होती. त्या हातांनी कुणाला धरलं, हे त्यातून कळत नाही. माझ्या वयाच्या अनेकांनी हा प्रयोग ‘स्पेसिफिसिटी कंट्रोल’ या नावाखाली प्रबंधात घातला आहे. मीही घातला आहे.

खरा प्रश्न विचारायचा तर ते प्रथिन नसलेली पेशी हवी. जनुक काढून टाकलेली, किंवा निदान त्याचा निरोप आरएनएच्या तुकड्याने दाबलेली. तिथेही पट्टी तेवढीच ठळक आली, तर कुपीवरचं लेबल खोटं. म्हणून १९९५ हे साल लक्षात ठेवा म्हटलं होतं.

६६ वर कोण होतं

२००६ च्या मार्चमध्ये, म्हणजे हेन्के यांचा दुसरा निबंध येण्याच्या सात महिने आधी, एलियट आणि सहकाऱ्यांनी ‘ब्लड’ या नियतकालिकात ही अँटिबॉडी आणि तिच्यासोबत विकल्या जाणाऱ्या इतर काही अँटिबॉडीज तपासून मांडल्या. सी-२० तीन पट्ट्या दाखवत होती: ३५, ६६ आणि १०० किलोडाल्टनच्या. ५९ यात नाहीच. त्यांनी ६६ च्या पट्टीतलं प्रथिन कापून, ट्रिप्सिन या एन्झाइमने तुकडे करून त्यांचा क्रम वाचला. ते निघालं एचएसपी-७०, म्हणजे हीट शॉक प्रथिनांपैकी एक. एचएसपी-७० चा एक छोटा भाग सी-२० च्या तुकड्याशी जुळत होता. तो भाग वेगळा बनवून अँटिबॉडीत मिसळला, तर तिचं चिकटणं थांबलं. उंदराच्या रिसेप्टरवरून बनवलेली एम-२० ही दुसरी अँटिबॉडी पडद्यावर ५९ ची खरी पट्टी दाखवत होती, पण काचेवरच्या कापांसाठी तीही भरवशाची नव्हती. सी-२० तर नव्हतीच.

एचएसपी-७० म्हणजे पेशीवर संकट आलं की धावून येणारं प्रथिन. ताप, ऑक्सिजनची कमतरता, उपासमार, विष, काहीही असो, उलगडू लागलेल्या प्रथिनांना ते सावरून धरतं. कॅन्सरच्या पेशी सतत अशाच ताणाखाली असतात, म्हणून त्यांच्यात ते मुबलक. शिवाय ते स्वतःही पेशीला मरू देत नाही. म्हणजे सी-२० ला दिसत होतं ते पेशीला जगवणारंच एक प्रथिन, पण दुसरं. रक्तवाहिनीपासून लांबच्या भागात रंग गडद का येत होता, याचंही यातून सरळ उत्तर मिळतं असं मला वाटतं. ऑक्सिजन कमी असला की एरिथ्रोपोएटिनची यंत्रणा जागी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तो रंग रिसेप्टरच्या गोष्टीत चपखल बसला. ताणाच्या गोष्टीतही तो तितकाच बसतो.

तपासणारे कोण होते

इथे एक प्रश्न उठतो आणि तो उठायलाच हवा. एलियट आणि सहकारी अॅमजेन या कंपनीत होते. अमेरिकेत एरिथ्रोपोएटिन पहिल्यांदा बाजारात आणणारी तीच कंपनी. गाठीवर रिसेप्टर नाही असं सिद्ध होणं त्यांच्या फायद्याचं होतं.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण पट्टी कापून क्रम वाचणं हे असं काम आहे, जे कुठल्याही दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करता येतं, आणि मत मांडण्यापेक्षा ते वेगळं आहे. २००७ मध्ये बेलफास्टच्या गटाने फुफ्फुसाच्या कॅन्सरवर काम करताना अँटिबॉडीच्या नेमकेपणाचाच प्रश्न पुढे आणला. नंतर कंपनीने सशाच्या एकाच वंशाच्या पेशीपासून ए-८२ ही नवी अँटिबॉडी बनवली. २०१० मध्ये ती वापरून त्यांनी जे मोजलं ते सांगण्यासारखं आहे. १६ प्रकारच्या कॅन्सरच्या २०९ पेशीवाणांमध्ये (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींमध्ये) रिसेप्टरचा आरएनए पाहिला, तो हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या पेशींच्या मानाने कमी होता. ६६ वाण प्रथिनासाठी निवडले. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या पेशींवर रिसेप्टरच्या दहा हजार ते एक लाख जोड्या होत्या. मोजलेल्या ६१ कॅन्सर वाणांपैकी ५४ मध्ये शंभरही नव्हत्या. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त होत्या त्यांना हार्मोन दिलं, तर एकेटी, ईआरके किंवा स्टॅट-५, कशावरही फॉस्फेट चढलं नाही. वाढही झाली नाही.

अँटिबॉडीचा प्रश्न इथे जवळपास मिटला. औषधाचा मिटला नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं फार गरजेचं आहे. मार्च २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा लावला. २००९ मध्ये ५३ चाचण्यांमधल्या १३,९३३ कॅन्सर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तर चाचणी चालू असताना मृत्यूचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त होतं. हा आकडा कोणत्याही अँटिबॉडीवर अवलंबून नाही. हिमोग्लोबिन गरजेपेक्षा वर नेलं की रक्त दाट होतं, रक्तवाहिनीत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हे तर पक्कं माहीत आहे. सी-२० चुकली म्हणून इंजेक्शन निर्दोष ठरत नाही. फ्रिजमधल्या त्या सिरिंजचा डोस डॉक्टर हिमोग्लोबिन बघून कमी-जास्त करतात, ते म्हणूनच.

उरलेल्या काचा

पुढे जगभर अँटिबॉडींची झडती सुरू झाली. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने तपासायचे पाच मार्ग ठरवून दिले, त्यात जनुक काढून पाहणं पहिल्या रांगेत आहे. आता आमच्याकडे नवी कुपी आली की बिलासोबत बॅच नंबर वहीत चढतो, आणि पहिला ब्लॉट नॉकआउट, म्हणजे ते जनुक काढून टाकलेल्या, पेशींवरच होतो. महाग पडतं. अशा पेशी मागवायला वेळ लागतो, छोट्या कॉलेजच्या लॅबला तर ते परवडतच नाही, आणि तिथल्या मुलांना मी काय सांगू हे मला दर वेळी अवघड जातं. निदान अख्खी फिल्म शिडीसकट जपून ठेवा, एवढं सांगते. ते फुकट आहे.

मला मात्र फ्रायबुर्गच्या त्या १०४ गाठी आठवत राहतात. त्यांच्या काचांवर तपकिरी रंग खराच आला होता, आणि त्या रुग्णांमध्ये औषध घेतलेल्यांची अवस्था खरीच जास्त बिघडली होती. अँटिबॉडीने रिसेप्टर दाखवला नाही, तरी तिने काही तरी दाखवलं होतं. ताणाखालच्या, एचएसपी-७० ने भरलेल्या गाठी एरिथ्रोपोएटिन मिळाल्यावर वेगळ्या वागतात का, हा प्रश्न त्या काचांमधून नीट विचारता आला असता. त्या वेळी सगळ्यांना रिसेप्टरचंच नाव हवं होतं, आणि कुपीवर तेच लिहिलेलं होतं.